आमच्या घरात भाकऱ्या कोण करतं

आमच्या घरात भाकऱ्या बाबा करायचे. आज हे लिहायला काही वाटत नाही, पण तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीत हे मोठ्यानं म्हणायची माझी छाती नव्हती. शाळेत मैत्रिणींनी विचारलं, काय गं, भाकरी कुणी केली, तर मी आईचं नाव सांगायचे. आईला हॉस्पिटलात बरोबरच्या आया विचारायच्या, ड्युटी करून घरचं कधी करतेस बाई, तर तीही म्हणायची, मीच उरकून येते. बाबांना कुणी विचारायचंच नाही. भाकरी त्यांची आणि नाव आईचं, असं आमचं बिनबोभाट चाललेलं होतं, आणि घरात सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

संप लांबला, मिल बंद पडली आणि बाबा घरी बसले. ते साचेखात्यातले, म्हणजे मागावरचे, चांगले कारागीर, पण बंद मिलमधल्या कारागिराला विचारतो कोण? आईला ओळखीनं परळच्या एका हॉस्पिटलात आयाचं काम लागलं. पाळीची ड्युटी, कधी सकाळची, कधी दुपारची. पहिले काही दिवस ती घरचं करून धावत जायची आणि परत आली की उंबऱ्यातच बसायची, पाय चोळत. एकदा तशीच बसली असताना बाबा उठले, पिठाचा डबा काढला, परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसले. गावाला त्यांच्या आईचं दुखणं वर्षानुवर्षं चाललं होतं, थोरली बहीण लग्न होऊन मुंबईला गेलेली, घरात दुसरी बाई नव्हती, तेव्हा ते पोरवयातच सगळं शिकले होते. मुंबईला आल्यावर लग्न झालं आणि ती विद्या अंगात तशीच राहून गेली. आता बाहेर आली.

आणि काय हात होता त्या माणसाचा! मी आयुष्यभर खानावळ चालवली, हजारो ताटं वाढली, लोक माझ्या हाताची तारीफ करतात, पण तसलं वाटप मला अजून जमलेलं नाही. खोबरं किसून ते तव्यावर असं भाजायचे की वास जिन्यापर्यंत जायचा. मग पाटा. वरवंट्याचा तो घर्र घर्र आवाज, मध्येच पाण्याचा हबका, पुन्हा घर्र घर्र. स्टोव्हला पंप मारायचे, तो भरभर पेटला की त्यावर बांगड्याचं तिखलं. मासळी महाग असली की कुळथाची पिठी आणि भात. आणि भाकरी तर अशी थापायचे की परातीवर हात पडल्याचा आवाज एका लयीत यायचा, थप थप थप, आणि ती बघता बघता ताटाएवढी व्हायची. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं की चर्र व्हायचं. मी पलंगावर पुस्तक घेऊन बसायचे आणि या सगळ्या आवाजांत माझा अभ्यास व्हायचा. आजही कुठे पाट्यावर वाटण चाललेलं ऐकलं की मला भूगोल आठवतो.

मला मात्र ते स्टोव्हजवळ फिरकू द्यायचे नाहीत. मी नुसती कांदा चिरायला उठले तरी ओरडायचे. "हडे येव नको! तू वाच गो. तुझ्या भाकरेक मी आसंय." आई म्हणायची, अहो, पोरीची जात आहे, थोडं शिकू दे, उद्या सासरी काय करील? त्यावर ते मान हलवायचे. "एकदा चुलीकडे बसला की उठूक गावाचा नाय तिका. आधी शिकू दे." शिकू दे म्हणजे दहावी, आणि दहावीनंतर नर्सिंग. ते स्वप्न खरं आईचं. ती दिवसभर वॉर्डात बेडपॅन उचलायची आणि समोरून पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टर जायच्या. घरी आली की माझ्या वेण्या घालताना म्हणायची, तू आया नाही व्हायचंस हं शैला, तू सिस्टर व्हायचंस. मार्क चांगले पडले तर हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टर शब्द टाकणार होत्या. माझं दहावीचं वर्ष होतं आणि गणित माझं पक्कं होतं. बाईंनी वर्गात सांगितलं होतं, ही पोरगी बीजगणितात शाळेचं नाव काढील. घरात एवढी एकच चांगली गोष्ट चालू होती आणि तिच्यापायी बाबा परातीपुढे बसत होते.

आता चूक कुठे झाली ते सांगते. चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. दार उघडं असायचं म्हणजे असायचं. आतला पलंग, मोरी, ताटात काय वाढलंय, सगळं गॅलरीतून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेखाली. आमच्या आईला लाज वाटायची की आपण ताटावर बसलोय आणि नवरा तव्यावरची भाकरी आणून वाढतोय हे कुणी पाहिलं तर? म्हणून बाबा परातीपुढे बसले की ती दार लावायला लागली. झालं! दिवसाढवळ्या दार लावतात म्हटल्यावर सगळ्या मजल्याचे कान उभे राहिले. उघड्या दारात बाबा भाकऱ्या करत बसले असते तर चार दिवस हसून लोक गप्प झाले असते असं मला वाटतं. पण लपवलं म्हणजे त्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे हे आम्हीच त्यांना सांगितलं. आईनं जन्म चाळीत काढला, तरी एवढं तिच्या लक्षात आलं नाही.

शेजारच्या खोलीत आमची आत्या राहायची, बाबांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला आणि तेव्हापासून तिनं खानावळ घातली. गिरणीतल्या एकट्या पुरुषांना दोन्ही वेळचं जेवण घालून तिनं स्वतःचं पोट भरलं, गावाकडचं घर शाकारलं, बाबांना मुंबईला आणून मिलमध्ये चिकटवलं तेही तिनंच. म्हणजे पुरुषानं करायचं म्हणतात ते सगळं तिनं केलेलं. त्याच्याही आधी, बाबांची आजी मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात होती, भोंग्याला उठून कामावर जायची, तिला कधी कुणी पुरुष म्हणून चिडवलं नाही. पण आत्याला भावाच्या हाताला लागलेलं पीठ दिसलं की तिचं डोकं फिरायचं. गॅलरीत उभी राहून, आम्हाला ऐकू जाईल असं बोलायची. "बापयमाणसान चुलीकडे बसूचा? आणि बायलेन भायर कमवूक जावचा? आमच्या घराण्यात असा कधी झाला नाय." मी मनात म्हणायचे, अगं, मग तू काय करत होतीस आजवर? पण थोरल्या माणसाला असलं विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. तिचं कमावणं हे तिचं नशीब होतं, बाबांचं रांधणं ही त्यांची शरम होती. या दोन्हींत फरक काय, हे मी तिला अजून, ती गेल्यावरसुद्धा, विचारत असते.

आणि आमचा दादा. माझ्याहून मोठा, कॉलेज सोडून बसलेला, दिवसभर खाली मंडळाच्या कॅरमवर. बाबांच्या हातची भाकरी पोटभर खायचा, वर बांगड्याचं डोकं मलाच म्हणून भांडायचा, आणि खाली मित्रांनी "काय रे, आज तुझ्या बाबाने काय केलंन?" असं विचारलं की त्यांच्यात मिसळून हसायचा. त्या टोळीचा म्होरक्या विल्या. दुसऱ्या मजल्यावरचा, नकला करण्यात पटाईत. चाळीतल्या सगळ्यांच्या चाली, बोलणी त्याला हुबेहूब यायची.

हा विल्या अजून आहे. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात आठव्या मजल्यावर राहतो, आता त्याला सगळे विलासकाका म्हणतात. बायको अंथरुणाला खिळलीय, तर स्वयंपाक तोच करतो, तिला भरवतोही. मागच्या महिला दिनाला सोसायटीच्या बायकांनी खाली हॉलमध्ये त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि "आदर्श पती" असं लिहिलेली काचेची पाटी. एका तरुण मुलीनं भाषण केलं की पुरुषानं स्वयंपाकघरात जायची सुरुवात काकांच्या पिढीनं केली. मी पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवल्या, हात होते म्हणून वाजवल्या. माझ्या जावयानं रविवारी पोहे केले तरी घरात फोटो काढतात आणि मी म्हणते, छान हो, छान झालेत. छान झालेलेच असतात. पण माझ्या अंगाचा तिळपापड होतो तो होतोच. बाबांना शाल कुणी दिली नाही. बाबांना जे दिलं ते सांगते.

आमच्या चाळीत सगळे कोकणातले, त्यामुळे शिमगा जोरात. होळी झाली की पोरं सोंगं काढायची. कुणी वाघ, कुणी साहेब, आणि एक तरी गोमू, म्हणजे साडी नेसलेला पुरुष. ढोलकी घेऊन दारोदार नाचायचं आणि शिमग्याची पोस्त मागायची. दारात सोंग आलं की चार नाणी ताटात टाकायची, आणि सोंगानं काहीही थट्टा केली तरी राग धरायचा नाही, हा नियम. सोंगाला साडी चाळीतल्याच बायका द्यायच्या, आणि आपली साडी गोमूला नेसवली तर ते चांगलं मानायच्या. त्या वर्षी दादानं आईकडे साडी मागितली. आई खूश झाली. पोरगा आपणहून काही मागतोय, चार लोकांत मिसळतोय. तिनं ट्रंकेतली हिरवी साडी काढून दिली, ती सणाला नेसायची ती. "फाडू नका रे मेल्यांनो," एवढंच म्हणाली आणि सकाळच्या ड्युटीला गेली. माझी परीक्षा दोन दिवसांवर होती.

दुपारी ढोलकी आमच्या मजल्यावर आली. बाबा गॅलरीत उभे होते, बघायला, बाकीच्यांसारखेच. मी आत पुस्तक घेऊन बसले होते, आवाज आला म्हणून दारात आले. पुढे विल्या. अंगावर आईची हिरवी साडी, पदर कमरेला खोचलेला, कपाळाला हे एवढं कुंकू. पण तो गोमूसारखा नाचत नव्हता. तो चालत होता, आणि ती चाल बाबांची होती. डावा खांदा थोडा पाडून चालायचे ना ते, अगदी तशी. हातात रिकामी परात. आमच्या दारासमोर तो मांडी घालून बसला आणि परातीत थप थप करायला लागला. लोकांना कळायला एक क्षण लागला आणि मग जी हसण्याची लाट उठली! दुसरा एक जण पँट-बूट घालून, मिशा लावून, हातात बेडपॅन म्हणून ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन आला. ती आमची आई. तो परातीला लाथ मारून ओरडला, "काय गो, जेवान झाला?" विल्या बाबांचा आवाज किनरा करून म्हणाला, "झाला वो! दार लावा, लोक बघतत!" आणि पदर तोंडात धरून लाजला. वरच्या मजल्यावरची माणसं कठड्यावरून वाकली होती. दादा ढोलकी वाजवत होता. हो, ढोलकी त्याच्याच गळ्यात होती.

बाबा हसत होते. शिमग्याला हसावंच लागतं. त्यांचे ओठ फाकलेले होते आणि कान लालभडक झाले होते, आणि ते खिशात पोस्तीसाठी नाणी चाचपत होते, ती काही केल्या सापडत नव्हती. मला वाटलं आता संपेल. तेवढ्यात आत्या आली. तिच्या हातात ताट होतं, हळदीकुंकवाचं. आत्या विधवा, एरवी तिला कुणी त्या ताटाला शिवू देत नसे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती दार ओढून आत बसायची. तिनं ताट घेतलंय बघून बायका एकदम गप्प झाल्या. ती भावासमोर उभी राहिली, त्यांच्या कपाळाला आधी हळद आणि मग कुंकू लावलं, आणि म्हणाली, "सदऱ्याचो ओचो कर." आणि त्यांनी केला, हो! थोरल्या बहिणीनं सांगितलं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी सदऱ्याचा घेर पुढे धरला. तिनं त्यात तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला. तिनं आयुष्यात भरलेली ती एकच ओटी. "सवाष्ण मां तू? घे. अखंड सौभाग्यवती रव." त्यानंतरचं हसणं मी विसरायचा प्रयत्न करते आणि ते विसरलं जात नाही. बायका जास्त हसत होत्या. ज्यांचे नवरे संपात घरी बसून पत्ते खेळत होते आणि ज्यांच्या हातांना धुण्याभांड्यांनी भेगा पडल्या होत्या, त्या सगळ्यांत जास्त.

आई तेव्हाच जिन्यावरून वर आली. ड्युटी संपवून, पायात त्या रबरी चपला. तिनं आपली साडी पाहिली, साडीतला विल्या पाहिला, गळ्यात ढोलकी अडकवलेला पोरगा पाहिला आणि नवऱ्याच्या ओच्यातला नारळ पाहिला. मला वाटलं ती आता आत्याच्या झिंज्या उपटते. दादाच्या थोबाडीत मारते. ती कुणालाच काही बोलली नाही. शिमगा होता ना! ती माणसांमधून वाट काढून आत आली, मोरीत तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि बाबा आत आल्यावर त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "यापुढे तुम्ही स्टोव्हला हात लावायचा नाही." मग माझ्याकडे वळली. "उद्यापासून तू करायचं."

"आई, परवा पेपर आहे माझा."

"मग? तांदूळ धुवायला काय दिवस लागतो? नाहीच जमलं तर ऑक्टोबरला बस. परीक्षा काय पळून जाते?"

ही तीच आई, मला सिस्टर करणारी. तिच्यावर माझा राग आहे, अजून आहे, आणि तो मला लपवायचाही नाही. ज्यांनी तिचं हसं केलं त्यांच्यावर तिचा जोर चालला नाही. माझ्यावर चालला. दादा पलंगावर बसून पायाला लागलेला रंग खरवडत होता, धडधाकट, रिकामटेकडा, आणि त्याचं नाव तिच्याच काय, माझ्यासुद्धा तेव्हा डोक्यात आलं नाही. हे आज लिहिताना सुचतंय. तेव्हा काम एका माणसाच्या हातून निघालं की ते कुणाच्या हातात पडायचं याचा विचारच करावा लागत नसे.

मराठीचा पेपर मी भात-आमटी करून दिला. हिंदीचाही दिला. भात लगदा झाला, आमटीत मीठ नव्हतं, पण दिले. बाबा भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडलेले असायचे. हिंदीच्या पेपराहून मी घरी आले तर दार आतून लावलेलं. उघडलं तर खाली परात, त्यात अर्धी थापलेली भाकरी, आणि बाबांचे हात पिठानं भरलेले. आई ड्युटीवर होती. माझ्याकडे बघून ते हळूच म्हणाले, "आवाज करू नको. ह्यो चार करून ठेवतंय. तू बस वाचूक, उद्या गणित आसा." त्या क्षणी मला जो आनंद झाला! मला वाटलं, चालेल, असं दार लावून चालेल. मी पुस्तक उघडलं. पण भाकरी मुकाट्यानं थापता येत नाही, आणि दोन खोल्यांमधली ती भिंत म्हणजे नुसती लाकडाची फळी. पलीकडून आत्याचा आवाज आला, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असा: "आयकलास? पुन्ना दार लावून थापता हा!" आणि बाहेर दोन-तीन जणी हसल्या. बाबांचे हात थांबले. त्यांनी ती भाकरी तव्यावर घातलीच नाही. मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत बसले.

दुसऱ्या दिवशी बीजगणिताचा पेपर. मी सकाळी भात केला, आमटी केली, निळा फ्रॉक घातला, रिबिनी बांधल्या, पट्टी-पेन्सिल पिशवीत टाकली. आईची दुपारची पाळी होती, ती आरशासमोर केस विंचरत होती. बाबा पलंगावरून उठले. दार उघडंच होतं, त्यांनी ते पार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं, स्टूल ओढून बरोबर उंबऱ्यात ठेवलं आणि त्यावर बसले, गॅलरीकडे तोंड करून. मी चपला घालत होते.

"शैला," त्यांनी हाक मारली. एवढ्या मोठ्यानं त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. "खंय चललंस? भाकऱ्यो थाप."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हटलं, "बाबा, पेपर आहे. आज गणित."

"पेपर नंतर. बापूस उपाशी बसलो हा. बस."

"भात झालाय, बाबा."

"भात नको माका. भाकरी व्हई." आणि मग, माझ्याकडे वळूनसुद्धा न बघता, बाहेरच्यांना ऐकवत: "घरात बायलमाणसा आसत आणि मी भाताक जेवू?"

गॅलरीत नळावर पाण्याला आलेल्या बायका थांबल्या होत्या. मी आईकडे बघितलं. तिनं अंबाड्यात काटा खोवला, आरशातच बघत. उंबऱ्यात बाबा बसलेले, त्यांना ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं, आणि बापाला ओलांडून जायचं मला सुचलं नाही. आज सुचतं. आज मी त्या स्टुलासकट त्यांना ढकलून जिना उतरले असते. तेव्हा मी चपला काढल्या आणि परात घेतली.

मला भाकरी येत नव्हती. कशी येणार? पीठ सैल झालं, मग घट्ट झालं. थापायला घेतली तर कडा फुटल्या, उचलायला गेले तर मधोमध तुटली. ती तशीच तव्यावर टाकली. बाबा वळून बघत होते. भाकरी खालून लागायला लागली तसा त्यांचा हात पुढे आला, खरंच आला, उलथण्याकडे, सवयीनं. त्याच वेळी आत्या दारात येऊन उभी राहिली आणि तो हात परत मांडीवर गेला. आम्ही दोघं ती भाकरी करपताना बघत राहिलो. मग मी ती ताटलीत वाढली आणि त्यांनी ताटली उचलून गॅलरीत भिरकावली. ती कठड्यावर आपटून घणघणत नळापर्यंत गेली. "ही भाकरी?" ते ओरडले. "ह्या शिकवल्यान तुका शाळेत?"

"आता कसो माणसात इलो," आत्या म्हणाली. कुणीही हसलं नाही. विल्याचा बाप गॅलरीतून जात होता, तो थांबून म्हणाला, "काय, बरां मां?" शिमग्यानंतर बाबांशी कुणी पुरुष पहिल्यांदाच बोलत होता. बाबांनी मान हलवली. पुढे ते एका गोदामावर वॉचमन लागले, मरेपर्यंत त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतला नाही, आणि चाळीत त्यांना मान होता. ऑक्टोबर आला आणि गेला. मोठ्या सिस्टरनी दुसऱ्या कुणासाठी तरी शब्द टाकला असेल.

त्या सकाळी मी रडत होते, पिठाचे हात तोंडाला लागू नयेत म्हणून लांब धरून. तेव्हा आत्या आत आली आणि माझ्या मागे बसली. मला वाटलं मारते. तिनं माझे डोळे तिच्या पदरानं पुसले, पाठीवरून हात फिरवला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "रडा नको, बाय. बघ. पाणी असा लाव. आता तळहातान दाब, बोटांनी नको. फिरव. फिरव गो, परात नको, भाकरी फिरव." इतक्या मायेनं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. नळावरच्या बायका पाणी सोडून दारात आल्या होत्या. कुणी म्हणालं, हात चांगला आहे पोरीचा. कुणी म्हणालं, पिठाला उकड काढ, जास्त मऊ होते. आईनं पिशवी खांद्याला अडकवली, जाता जाता वाकून परातीत पाहिलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

भाकरी तव्यावर टाकली. आत्यानं वरून पाणी फिरवलं. उलटली, निखाऱ्यावर नाही, स्टोव्हच्या आचेवरच धरली, आणि ती टम्म फुगली. सगळ्या बायका एकदम "अगो बाय!" म्हणाल्या. "येता गो तुका!" आत्यानं माझ्या गालाला हात लावून बोटं मोडली. शाळेत तेव्हा पेपर वाटून झाले असतील, मुली पहिलं गणित मांडत असतील.

बाबांनी उंबऱ्यात बसून ती खाल्ली, सगळ्यांदेखत, सावकाश. संपल्यावर रिकामी ताटली माझ्याकडे न बघता मागे केली.

"आणिक एक भाकरी हाड," ते म्हणाले. मी पीठ घेतलं.